ऊन पैठणला, पूर गोदावरीला: जायकवाडी पाहायला निघालेल्या नवख्यांसाठी

संभाजीनगरला बदलून आलेला, शिकायला आलेला किंवा शेंद्रा-बिडकीनच्या कारखान्यांत नोकरीला लागलेला माणूस पहिल्या काही महिन्यांत वेरूळ आणि दौलताबाद उरकतो आणि मग पैठणचं नाव काढतो. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, बिडकीन-ढोरकीनवरून सरळ रस्ता, एसटीची सोय. एका दिवसात नाथांचं दर्शन, पैठणीची विचारपूस आणि गोदावरीवरचं जायकवाडी धरण, तिन्ही होतं. निघताना बहुतेक जण मोबाईलवर पैठणचं हवामान बघतात आणि पाऊस नाही म्हटलं की लेकराबाळांना घेऊन गाडीत बसतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पैठणचं आभाळ बघून पैठणच्या नदीचा अंदाज येत नाही.

जायकवाडीत येणारं बरंचसं पाणी नाशिक आणि अहिल्यानगरच्या घाटमाथ्यावर पडतं. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही वरची धरणं भरत आली की त्यांतून सुटलेलं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीनं आणि दुसऱ्या अंगानं प्रवरेतून खाली येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना टँकरनं पाणी चालू होतं आणि त्याच महिन्यात नाशिकच्या पावसावर जायकवाडी भरून दरवाजे उघडावे लागले. तेव्हा पैठणला गेलेल्याला डोक्यावर कडक ऊन आणि समोर फेसाळती नदी, असं दोन्ही एकदम दिसलं. धरणावर फिरायला जाणाऱ्यानं बाकी काही ध्यानात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं मात्र ठेवावं.

पायरी 1: निघण्याआधी धरणाचा निरोप वाचायला शिका

पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचा धरणाबाबतचा निरोप रोज निघतो आणि तासाभरात पैठण ते नांदेड सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो. बातम्यांतही तो असतो. त्यात चार गोष्टी असतात: पाणीपातळी, साठ्याची टक्केवारी, आवक (धरणात येणारं पाणी) आणि विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी). नवखा माणूस टक्केवारी बघतो. फिरायला जाणाऱ्याच्या कामाचा आकडा विसर्गाचा आहे, आणि त्याच्या खालोखाल आवकेचा.

पातळी फुटांत सांगतात. जायकवाडी पूर्ण भरतं ते 1522 फुटांवर. टक्केवारी मात्र फक्त उपयुक्त साठ्याची असते. धरणाची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास आणि तळाचा सव्वीस टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाज्यांतून-कालव्यांतून आपोआप बाहेर न पडणारं पाणी. त्यामुळं उन्हाळ्यात ‘जायकवाडी शून्य टक्के’ अशी बातमी आली तरी समोर भलंमोठं पाणी पसरलेलं असतं. 2016 च्या दुष्काळात संभाजीनगरची तहान याच मृतसाठ्यावर भागली. शून्य टक्के म्हणजे कोरडं, असं समजून कुणी चालत मध्यापर्यंत जायला निघू नये. त्या गाळाबद्दल पुढं सांगतो.

आता विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे 28 लिटरच्या थोडं वर. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. त्यांतले 10 ते 27 क्रमांकाचे अठरा नेहमीचे, तर 1 ते 9 हे आपत्कालीन. बातमीत ‘अठरा दरवाजे अर्ध्या फुटानं उघडले’ असं वाचून माणसाला वाटतं, अर्धा फूट म्हणजे काय, फटच ती. धरण भरलेलं असताना त्या फटीतून जवळपास साडेनऊ हजार क्युसेक पाणी निघतं. हिशेब मांडा: सेकंदाला अडीच लाख लिटरहून जास्त. आपल्याकडं पाणी टँकरनं मोजायची सवय आहे, तर दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर, दर सेकंदाला. आणि हा धरणाचा सौम्यच विसर्ग समजला जातो. 2006 च्या ऑगस्टमध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात गेला आणि पैठण शहरात पाणी शिरलं. 2025 च्या सप्टेंबरातही पैठणच्या नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या.

विसर्ग किती आहे यापेक्षाही तो कुठं चालला आहे ते बघा. आवक विसर्गाच्या दुप्पट-तिप्पट असेल आणि पातळी 1520 च्या पुढं असेल, तर दरवाजे आणखी वर जाणार हे गृहीत धरा. मग सकाळी निघताना वाचलेला आकडा दुपारी उपयोगाचा राहत नाही. सोबत नांदूर मधमेश्वरचा विसर्गही बघितला तर जायकवाडीत पुढं काय येणार याची वर्दी आधीच मिळते. नदीकाठची जाणती माणसं हेच करतात.

आणखी एक गैरसमज. धरण शंभर टक्के भरल्याशिवाय दरवाजे उघडत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याची सूची ठरलेली असते, कारण पुढं येणाऱ्या पुराला जागा लागते. ऑगस्टमध्ये नव्वद टक्क्यांवरही विसर्ग सुरू होऊ शकतो.

पायरी 2: कशासाठी जाताय ते ठरवा, मग महिना ठरवा

सुटलेलं पाणी बघायचं असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेही ज्या वर्षी धरण भरेल त्या वर्षी. कित्येक वर्षं दरवाजे हलतही नाहीत. पक्षी बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी असते. तेव्हा दिंड्यांनी पैठण भरून जातं, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि वाळवंटात पाय ठेवायला वाव नसतो. वारीला म्हणून जरूर या, धरण बघायला त्या आठवड्यात येऊ नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथं सावली म्हणून नाही. यायचंच असेल तर पहाटे या आणि नऊ-साडेनऊपर्यंत परत फिरा.

मे-जून आणि परतीच्या पावसात विजांचा धोका मोठा असतो. जलाशयाचा काठ हे मैलभर उघडं रान, आणि त्यात उभा माणूस सगळ्यात उंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा. ढग दाटले, गडगडाट ऐकू आला की गाडीत जाऊन काचा लावून बसायचं. बाभळीखाली थांबायचं नाही.

नकाशावर शोधताना ‘नाथसागर’ (जायकवाडीच्या जलाशयाचं नाव) किंवा ‘जायकवाडी धरण, पैठण’ असंच टाका. आधी हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होणार होतं. जागा पैठणला गेली आणि नाव तेवढं राहिलं.

पायरी 3: समोर काय आहे ते ओळखा

पहिल्यांदा आलेला माणूस भिंत शोधत राहतो. कोयनेसारखी उंच काँक्रीटची भिंत इथं नाही. जायकवाडी हे मुख्यतः मातीचं धरण आहे. लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, उंची सर्वांत खोल जागी एक्केचाळीस मीटर. लांबून ती एक हिरवट टेकडीच वाटते. मधला दगडी-काँक्रीटचा भाग म्हणजे सांडवा, आणि ते सत्तावीस वक्राकार दरवाजे तिथंच आहेत. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. मागचं पाणी पन्नास किलोमीटरहून लांब आणि रुंद जागी सत्तावीस किलोमीटर पसरलं आहे. डावा कालवा 208 किलोमीटर, तो परभणीकडं जातो. उजवा 132 किलोमीटर, तो माजलगावच्या दिशेनं.

पायथ्याला जलविद्युत केंद्र आहे. बारा मेगावॅटचा एकच संच, महानिर्मितीचा. परळीच्या औष्णिक केंद्रातला एक मोठा संच 250 मेगावॅटचा आहे, म्हणजे ही वीज तशी चिमूटभर. खरं सांगायचं तर जायकवाडीचं विजेशी असलेलं मोठं नातं परळीतच दिसतं. जायकवाडीच्या खाली गोदावरीवरच्या बंधाऱ्यांत पाणी असलं की परळीचे संच फिरतात, आणि 2015 च्या जुलैत पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले होते.

पण फिरायला आलेल्यानं त्या बारा मेगावॅटकडं दुर्लक्ष करू नये. संच उलटसुलट चालणारा आहे. पाणी खाली सोडताना वीज तयार करतो आणि खालच्या बंधाऱ्यात पाणी असेल तर विजेची मागणी कमी असताना तेच पाणी परत वर उपसू शकतो. संच चालू झाला की सुमारे दीड हजार क्युसेक पाणी खालच्या पात्रात येतं. त्यासाठी सांडव्याचा एकही दरवाजा उघडावा लागत नाही. म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस दरवाजे बंद दिसत असतानाही तुमच्या पायाखालचं पाणी वाढू शकतं. हे माहीत नसलेलेच लोक खडकावर डबे उघडून बसतात.

धरणाच्या माथ्यावर, दरवाज्यांच्या पुलावर आणि वीज केंद्रात परवानगीशिवाय जाता येत नाही. पहारेकरी अडवतो तेव्हा वाद घालू नका, ओळखी काढू नका. ड्रोन तर गाडीतून काढूही नका. एक तर धरण संरक्षित, दुसरं म्हणजे जलाशय पक्षी अभयारण्य. शाळेची सहल किंवा अभियांत्रिकीच्या मुलांची भेट असेल तर पैठणच्या पाटबंधारे कार्यालयाकडं आधी लेखी अर्ज द्यावा. तारीख पावसाळ्यातली नसली तर बरं.

पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेलं. एकेकाळी मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथं यायची. पुढं ते कैक वर्षं रखडलं. सध्या उघडं आहे का, ते पैठणमध्ये विचारून मगच मुलांना शब्द द्या.

पायरी 4: खालच्या नदीत उतरण्याआधी

धरणावर जे अपघात होतात त्यांत भिंतीवरून पडलेला माणूस विरळा. लोक बुडतात ते खाली: घाटावर, बंधाऱ्याजवळ, कालव्यात. म्हणून ही पायरी लांब आहे.

पैठणला नागघाट आणि इतर घाटांवर स्नान, दशक्रिया, अस्थिविसर्जन बारा महिने चालू असतं. श्रद्धेनं आलेल्याला पाण्यात उतरू नका म्हणणं सोपं नाही आणि कुणी ऐकतही नाही. मग निदान एवढं करा. उतरण्याआधी घाटावरच्या गुरुजींना किंवा नावाड्याला विचारा, आज पाणी सुटलंय का. पाण्याच्या कडेला पायरीवर एक खूण धरून ठेवा, एखादा दगड किंवा रंगाचा पट्टा, आणि मधूनमधून तिच्याकडं बघा. पायरी पाण्याखाली गेली की बाहेर या, कपडे-चपला गोळा करत बसू नका. पाण्याचा रंग अचानक गढूळ होणं, काड्या-फेस वाहत येणं, नदीचा आवाज बदलणं ही तीच वर्दी असते. विसर्ग वाढवण्याआधी भोंगा वाजवतात, गावात दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरून सूचना देतात. पण गाडीत गाणी मोठ्यानं लावून बसलेल्याला भोंगा ऐकू जात नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट वाळूचे खड्डे. गोदावरीच्या पात्रातून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली आहे, रात्रीतून यंत्रं लावून. पाणी ओसरल्यावर वरून पात्र सपाट दिसतं. गुडघाभर पाण्यात चाललेल्या माणसाचा पुढचा पाय एकदम दोन पुरुष खोल पाण्यात जातो आणि कडेची वाळू ढासळत असल्यामुळं त्याला परत चढता येत नाही. इथं पोहता येणं-न येणं हा प्रश्न दुय्यम ठरतो. ज्या जागी गावची माणसं उतरत नाहीत त्या जागी तुम्ही उतरायचं नाही, मग ती कितीही निवांत आणि फोटोला चांगली असो.

दुसरा सापळा बंधाऱ्यांचा. पैठणच्या खाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस अशी बंधाऱ्यांची रांग थेट नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत आहे. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव म्हणून आपेगावला भाविक जातातच, मग तिथून बंधाऱ्यावरही डोकावतात. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं. वरून फेसाचा छान पट्टा दिसतो. त्यात सापडलेलं लाकूड तासन् तास तिथंच गरगरत राहतं आणि माणसाचंही तसंच होतं. त्या फेसाच्या पट्ट्याच्या जवळपासही पोहू नका. लहान नद्या-ओढ्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे असतात. त्यांना पावसाळ्यानंतर लोखंडी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवतात आणि पावसाळ्याआधी काढतात. बर्ग्याच्या फटीशी पाण्याची ओढ इतकी असते की अंगावरचे कपडे खेचले जातात. मुलं नेमकी त्यावरच उभी राहून उड्या मारतात.

तिसरा कालवा. तो अरुंद आणि सरळ, म्हणून लोकांना नदीपेक्षा सोपा वाटतो. पण अस्तर केलेल्या कालव्याच्या कडा उतरत्या आणि शेवाळलेल्या असतात. धरायला काही नसतं, वर यायला पायऱ्या क्वचितच. शेताला पाण्याचं आवर्तन चालू असताना त्यात पाय धुवायलाही बसू नये. गाडी धुवायला तर नाहीच. कुणी पडलंच, तर प्रवाहाशी झुंजून पडलेल्या जागीच वर यायचा प्रयत्न व्यर्थ आहे. प्रवाहाबरोबर तरंगत पुढच्या पायऱ्यांकडं, पुलाकडं सरकायचं.

पाण्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे नाथसागरात, धोका वेगळा. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेरा करतात. हिरवंगार पीक दिसलं की वाटतं, जमीन पक्की आहे. काठाकडची असते, पण पाण्याजवळची वरून सुकून तडकलेली आणि खाली लोण्यासारखी. पाय रुतला की जोर लावल्यानं आणखी जातो. आडवं व्हायचं, वजन पसरायचं, हळूहळू एकेक पाय काढायचा. आणि गाळपेऱ्याच्या पिकातून वाट काढू नका. तेवढ्यावर कुणाचं तरी वर्ष निघतं.

मच्छीमार थर्माकोलच्या किंवा ट्यूबच्या तराफ्यावर बसून आत जाळी टाकायला जातात. पैसे देऊन ‘जरा फिरवून आणा’ म्हणणारे पाहुणे भेटतात. त्यांचं ते रोजचं काम आहे, तुमचं नाही. जलाशय इतका रुंद आहे की दुपारचा वारा सुटला की त्यावर अक्षरशः लाटा उठतात आणि त्या धरणाच्या उतारावर रचलेल्या दगडांवर, म्हणजे पिचिंगवर, आदळतात. लाइफ जॅकेटशिवाय कोणत्याही होडीत बसू नका, नावाडी कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला तरी. पिचिंगचे दगड ओले असताना घसरडे असतात आणि त्यांच्या फटींत साप निघतात.

पायरी 5: पक्षी बघायला

आता जरा निवांत विषय. नाथसागर 1986 मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही पाहुणी मंडळी उतरतात. रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे येतात. चित्रबलाक, शराटी, कुदळ्या वर्षभर. उथळ पाण्यात पायांनी गाळ ढवळत चालणारा रोहित दिसला तर शेजारच्याला बोटानं दाखवायचं, ओरडायचं नाही.

जागा निवडताना उजेडाचा विचार करा. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे, म्हणजे धरणाकडच्या काठावर सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी तेच पक्षी उजेडाविरुद्ध येतात. सूर्यास्ताचा फोटो छान येईल, पण बदक कोणतं ते कळणार नाही. पिंपळवाडीच्या बाजूचा काठ पैठणपासून जवळ आहे. दुसरं टोक म्हणजे कायगाव टोकं-प्रवरासंगम, अहिल्यानगरच्या रस्त्यावर. तिथं गोदावरी-प्रवरेचा संगम, टोक्याचं सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आणि पुलापलीकडं पसरलेलं पाणी असं एकत्र मिळतं. पुलावर गाडी थांबवून मात्र बघू नका. रहदारी जोरात असते, कठडा ही काही बसायची जागा नाही.

धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी पक्षी कमी दिसतात, याचं नवख्यांना नवल वाटतं. रोहित आणि चिखलपक्ष्यांना उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो. धरण तुडुंब असलं की तो गाळ खोल पाण्याखाली असतो, मग थवे उशिरा येतात किंवा आसपासच्या लहान तलावांवर पांगतात. अशा वर्षी जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीत गेलेलं चांगलं. दुर्बीण असू द्या. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून दगड मारणं, होडी अंगावर नेणं असले प्रकार तिथं सर्रास चालतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला एका फोटोसाठी उठवणाऱ्या माणसाशी निदान माझं तरी जमत नाही.

खाण्याचं फार शोधू नका. रस्त्यानं हंगामात मोसंबी मिळते, पैठण-अंबड हा तिचाच पट्टा. मासे खाणाऱ्यांसाठी जलाशयातले रोहू, कटला, मरळ गावात तळून मिळतात. पाणी घरचंच न्या, आणि ताटल्या-पिशव्या परत गाडीत. संभाजीनगर हेच पाणी फारोळ्याला शुद्ध करून पितं, तेव्हा तुम्ही टाकलेलं तुमच्याच नळाला येतं.

पायरी 6: धरणाकडं जागरूक डोळ्यांनी बघा

मातीचं धरण थोडं पाझरतंच. तो पाझर बाहेर काढायला आत गाळण्या आणि पायथ्याशी चर केलेले असतात, आणि चरातलं पाणी स्वच्छ असेल तर घाबरण्यासारखं काही नसतं. पाणी गढूळ येऊ लागलं तर मात्र ते आतली माती घेऊन येतंय असा अर्थ होतो. उतारावर नवा ओलावा, खचलेला भाग, लांब भेग, उंदरा-घुशींची मोठी बिळं, माथ्यावर उगवलेली झाडं याही खुणा आहेत. रत्नागिरीतलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधी केली होती.

जायकवाडीवर अभियंत्यांचा राबता असतो, पण मराठवाड्यात गावोगावी लहान पाझर तलाव आणि लघुप्रकल्प आहेत, तिथं असं लक्ष गावानंच ठेवावं लागतं. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं 15 मीटरहून उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे आणि आपत्कालीन कृती आराखडाही करायला लावला आहे. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. तुम्हाला काही दिसलं तर फोटो काढा, जागा नेमकी सांगता येईल अशी खूण घ्या (धरणावर साखळी क्रमांकाचे, म्हणजे एका टोकापासूनचं अंतर सांगणारे, दगड असतात, तो आकडा सर्वांत उत्तम) आणि शाखा अभियंत्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. पाणी जोरात येत असेल तर थेट 112. ‘धरण फुटलं’ असा निरोप ग्रुपवर टाकू नका. अफवेनं पळापळ होते.

पायरी 7: कुणी बुडत असेल तर

मागोमाग उडी मारायची नाही. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, बहुधा एकाच घरातले. दोर, ओढणी, साडी, लांब फांदी, गाडीची स्टेपनी, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेका, आणि स्वतः जमिनीवर पालथं पडून ओढा. एक जण ओरडून मच्छीमारांना बोलवेल, दुसरा 112 आणि 108 ला फोन लावेल. भोई समाजाच्या माणसांना त्या पाण्याची खोली पाठ असते. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यांत मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर पाठीवर निजवून तोंडानं श्वास द्या आणि छातीच्या मधोमध दाब देत राहा, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो.

परभणी-हिंगोलीकडचे असाल तर

पैठण तुम्हाला लांब पडतं, आणि तुमच्या दाराशी येलदरी आहे. जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं हे धरण जायकवाडीच्या आधीचं. त्याचं वीज केंद्र साडेसात-साडेसात मेगावॅटच्या तीन संचांचं, म्हणजे जायकवाडीपेक्षा मोठं. इथंही आभाळाचा नियम तोच, फक्त नावं बदलतात. येलदरीत येणाऱ्या पाण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा धरणाचा विसर्ग बघायचा, आणि येलदरीतून सुटलेलं पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात जातं. त्यामुळं दोन्हींच्या मधल्या नदीत उतरायचं असेल तर येलदरीचे संच चालू आहेत का ते आधी विचारा, आणि सिद्धेश्वरच्या खाली जायचं असेल तर सिद्धेश्वरचा विसर्ग. औंढा नागनाथचं दर्शन सकाळी लवकर घेतलं तर सिद्धेश्वर आणि येलदरी दोन्ही दिवसाउजेडी होतात. रस्ता वळणावळणाचा, झाडीतला. मोबाईलची रेंज मधूनच जाते, तेव्हा विसर्गाचा आकडा औंढ्यातच बघून घ्या.